उन्हाळी

"अगं, उन्हाळी लागलीय, दुसरं काही नाही," सासूबाई सोफ्यावर पाय वर घेत म्हणाल्या. "धने-जिऱ्याचं पाणी करून ठेव, उद्यापर्यंत उतरेल."

जुलै महिना होता. बाहेर पारा ४५च्या पुढे आणि शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसी रात्रंदिवस घरघरत होता. सासूबाई मिरजेहून व्हिजिट व्हिसावर येऊन तीन आठवडे झाले होते. दर अर्ध्या तासाला बाथरूमला जात होत्या, थेंबभर व्हायची आणि कळ यायची. त्यांचं निदान पक्कं होतं. माझं पोट मात्र ज्या कामावर चालतं, ते म्हणजे लघवीच्या नमुन्यात कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाने मरतो, हे सांगणं. मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. तरी त्या आठवड्यात मी जे केलं ते सांगायला मला आठ वर्षं लागली. आपल्या मंडळातल्या बायका एकमेकींना हळू आवाजात "काय गं, तुलाही होतं का?" असं विचारतात, ते कानावर पडतं, म्हणून या अंकात सांगायचं ठरवलं.

'उन्हाळी' हा शब्द मला फार आवडतो. लघवीला जळजळ, थेंब थेंब होणं, ओटीपोटात ओढ, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं आणि कारणही त्यातच सांगून टाकलेलं असतं: ऊन. त्यात अर्धं सत्य आहे. अंगातलं पाणी घामावाटे गेलं की लघवी गडद आणि तीव्र होते, आणि अशी लघवी जळजळते. दोन तांबे पाणी, नारळपाणी, सब्जा घातलेलं सरबत पोटात गेलं की संध्याकाळपर्यंत आराम पडतो. आपल्या आज्या हे खोटं सांगत नव्हत्या. आयुर्वेदात मूत्रकृच्छ्र म्हणून या दुखण्याची वेगळी चर्चा आहे आणि चरकाने त्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. म्हणजे सगळी जळजळ एकाच कारणाची नसते, हेही आपल्याकडे जुनंच ज्ञान आहे. अडचण अशी की आपण त्यातला एकच प्रकार लक्षात ठेवला, आणि राहायला आलो अशा देशात जिथे वर्षातले सात-आठ महिने ऊनच असतं. इथे कुठल्याही जळजळीला उन्हाळी म्हणायला कारण तयार असतं.

उरलेलं अर्धं सत्य मी रोज सकाळी प्लेटवर बघते.

कुठल्याही मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये सगळ्यात जास्त नमुने लघवीचेच येतात. साधारण निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि काहींना तो पुन्हा पुन्हा होतो. बाईच्या मूत्रनलिकेची लांबी जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाची २०च्या आसपास, एवढ्या एका फरकात या दुखण्याचं निम्मं गणित आहे. यात अस्वच्छतेचा, चारित्र्याचा किंवा 'बाहेरच्या बाथरूम'चा दोष शोधायची आपल्याकडे सवय आहे. ऑफिसातल्या नाहीतर मॉलमधल्या टॉयलेटच्या सीटवरून हा आजार आला असं छातीठोकपणे सांगणाऱ्या कितीतरी जणी मला भेटतात. जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातला असतो.

त्याचं नाव ई. कोलाय. थिओडोर एशरिक या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या बाळांच्या शौचातून तो वेगळा काढून त्याचं वर्णन केलं. पुढे त्याच्याच नावावरून जंतूला 'एशरिकिया कोलाय' म्हणू लागले. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात तो मुक्कामाला असतो आणि तिथे निरुपद्रवी असतो. साध्या मूत्राशयाच्या संसर्गात चारांपैकी तीन वेळा तरी तोच सापडतो. गुदद्वारापासून मूत्रद्वारापर्यंतचं अंतर त्याच्यासाठी फार नाही. एकदा मूत्राशयात पोचला की लघवीच्या धारेबरोबर वाहून जायला हवा, पण त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात. या तंतूंच्या टोकाला असलेलं प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरावरची मॅनोज नावाची साखर पकडून ठेवतं. सराटा धोतराला चिकटावा तसा तो चिकटतो. काही जातींकडे आणखी वेगळे तंतू असतात. त्यांची पकड किडनीच्या पेशींवर बसते, आणि असे जंतू वर चढतात.

बाकीच्यांची हजेरी थोडक्यात सांगते. क्लेबसिएला हा मधुमेही आणि रुग्णालयात राहून आलेल्या माणसांत जास्त दिसतो, प्लेटवर त्याच्या वसाहती चिकट, मेणचट वाढतात. प्रोटियस लघवीतला युरिया फोडून ती अल्कधर्मी करतो आणि त्यातून खडे तयार होतात. एकाच माणसाच्या नमुन्यात प्रोटियस पुन्हा पुन्हा आला तर आम्ही डॉक्टरांना फोन करून "सोनोग्राफी झाली आहे का?" असं विचारतो. आखातात मुतखड्याचे रुग्ण मुळातच खूप, त्यामुळे हा प्रश्न इथे वाया जात नाही. तरुण मुलींमध्ये कधीकधी स्टॅफिलोकॉकस सॅप्रोफायटिकस, वयस्कर माणसांत एंटेरोकॉकस, आणि बरेच दिवस कॅथेटर लावलेल्यांत सुडोमोनास. वासावरूनच सुडोमोनास ओळखू येतो, द्राक्षांसारखा गोडसर वास. इतक्या वाईट जंतूला इतका बरा वास का, हे मला अजून कळलेलं नाही.

नमुना कसा द्यायचा हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून इथे थोडी थांबते. डबी निर्जंतुक असते, तिच्या आत बोट लावायचं नाही. आधी पाण्याने स्वच्छ धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची आणि मधली धरायची. आणि डबी लवकर पोचवायची. आमच्याकडे एक बाई सकाळी सहाला घरी नमुना घेऊन मुलांना शाळेत सोडून, सुपरमार्केटमध्ये जाऊन साडेनऊला लॅबमध्ये आल्या होत्या. डबी गाडीत डॅशबोर्डवर. चांगली ऊब आणि खाणं मिळालं तर ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. दोन तासांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे चौसष्ट पट. त्वचेवरून डबीत आलेले दर मिलिलिटरमागे २,००० जंतू असतील, तर ते १,२८,००० होऊ शकतात. अमेरिकेतल्या एडवर्ड कास यांनी १९५०च्या दशकात 'लक्षणीय संसर्ग' म्हणायला एका मिलिलिटरमध्ये एक लाखाची रेघ आखली होती. आज लक्षणं असतील तर आम्ही त्याहून कमी आकडाही धरतो, पण एक लाख हा आकडा रिपोर्टवर दिसला की डॉक्टर औषध लिहितात. म्हणजे त्या बाईंच्या शरीरात नसलेला आजार डॅशबोर्डवर तयार झाला असता. दोन तासांत आणता येणार नसेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजमध्ये लघवी ठेवायची कल्पना कोणत्याही मराठी घरात पटत नाही, हे मला माहीत आहे. तीन पिशव्या घाला, पण ठेवा.

लॅबमध्ये आम्ही त्या नमुन्यात एका मायक्रोलिटरचा लूप बुडवून प्लेटवर रेघा ओढतो आणि रात्रभर ३५ अंशांवर ठेवतो. दुसऱ्या दिवशी वसाहती मोजायच्या. एका वसाहतीमागे मूळ लघवीत दर मिलिलिटरला हजार जंतू, म्हणजे शंभर वसाहती झाल्या की एक लाख. मॅकॉन्की नावाच्या माध्यमावर ई. कोलाय गुलाबी दिसतो. मग त्यातला जंतू घेऊन दुसऱ्या प्लेटवर सारखा पसरायचा आणि त्यावर अँटिबायोटिक भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या. आणखी एक रात्र. औषध लागू असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल खळं पडतं, चंद्राला पडतं तसं. नसेल तर जंतू थेट चकतीच्या कडेपर्यंत वाढतो. आता मशीन हे काम लवकर करतात, पण मी शिकले ती या खळ्यांवर. खळ्याचा व्यास पट्टीने मोजायचा, तक्त्याशी ताडायचा आणि औषधासमोर एस किंवा आर लिहायचं. एस म्हणजे लागू, आर म्हणजे दाद देत नाही.

हे सगळं मला येत होतं. आणि तरीही त्या जुलैमध्ये तिसऱ्या दिवशी सासूबाईंची जळजळ थांबेना, तेव्हा मी काय केलं? स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटातला औषधांचा डबा काढला.

असा डबा तुमच्याही घरी असेल. दर सुट्टीत गावाहून परतताना चकली, मेतकूट, गोडा मसाला यांच्यामध्ये औषधांची एक पिशवी सरकवलेली असते. ओळखीच्या औषधवाल्याकडून घेतलेली, 'असू दे, तिकडे महाग पडतं' म्हणून. कोडीन, ट्रामाडॉलच्या धाकाने आपण खोकल्याचं औषध आणि दुखण्याच्या गोळ्या दहादा तपासतो, पण अँटिबायोटिकचा विचार करत नाही. आमच्या डब्यात सिप्रोफ्लॉक्सासिनच्या सहा गोळ्या उरल्या होत्या. मिस्टरांना आदल्या वर्षी कोल्हापुरात जुलाब झाले तेव्हा आणलेल्या, दोन दिवसांत बरं वाटल्यावर सोडून दिलेल्या. सकाळ-संध्याकाळ एक, तीन दिवसांचा हिशेब बसत होता. सासूबाईंचा विमा प्रवासापुरता होता, डॉक्टरांची फी, लॅबचे पैसे, हे सगळं डोक्यात होतंच. खरं कारण मात्र वेगळं होतं. मला वाटलं, मला कळतं.

पहिल्या दोन गोळ्यांनंतर "जरा बरं आहे गं" म्हणाल्या. भरपूर पाणी पीत होत्या, त्यानेही वाटलं असेल. चौथ्या दिवशी पहाटे त्यांच्या खोलीतून दातावर दात आपटल्याचा आवाज आला. हुडहुडी इतकी की पलंग हलत होता. ताप १०३. उजव्या कुशीत, बरगड्यांच्या खाली मागच्या बाजूला हात लावू देईनात. उलटी झाली. मग त्या माझ्याकडे बघून "शालू, दार लावून घे, म्हशी आत येतील," असं म्हणाल्या. शालू ही त्यांची बहीण, जाऊन वीस वर्षं झालेली.

संसर्ग किडनीत गेला होता आणि तिथून रक्तात. म्हाताऱ्या माणसांत पहिली खूण बऱ्याचदा हीच असते, ताप नंतर, भ्रम आधी. जळजळ असताना कुशीत दुखणं, थंडी वाजून ताप, उलटी यातलं काही सुरू झालं की घरचा कोणताही उपाय करत बसू नये. तो मूत्राशयाचा प्रश्न राहिलेला नसतो.

रुग्णालयात पोचल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आधी काही गोळ्या दिल्या का?" माझा व्यवसाय सांगून मग गोळ्यांचं सांगावं की गोळ्यांचं सांगून व्यवसाय लपवावा, असा विचार माझ्या मनात आला. दोन्ही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. रक्तात आणि लघवीत एकच जंतू, ई. कोलाय. ईएसबीएल पॉझिटिव्ह. सिप्रोफ्लॉक्सासिन: आर. ईएसबीएल हे जंतूने तयार केलेलं एक विकर असतं, ते पेनिसिलिन आणि बहुतेक सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं फोडून टाकतं. जंतू असा असेल तर गंभीर आजारात सहसा कार्बापेनेम गटातलं इंजेक्शन द्यावं लागतं. सासूबाईंना मेरोपेनेम दर आठ तासांनी सुरू होतं, शेवटचे दिवस एर्टापेनेम दिवसातून एकदा. अकरा दिवस. पैशांचा आकडा लिहीत नाही, तेवढ्यात त्या वर्षी आम्ही घराचं कर्ज थोडं फेडणार होतो.

माझ्या सहा गोळ्यांनी जंतूला ते बळ दिलं असं नाही. तो आधीच तसा होता. त्यांनी घेतले ते तीन दिवस, ज्यात योग्य औषध मूत्राशयातच काम संपवू शकलं असतं. नंतर विचारताना कळलं की मिरजेत आदल्या दीड वर्षात त्यांनी सिप्रो तीन वेळा घेतलं होतं. दोनदा जुलाबासाठी, एकदा "अंगात कणकण होती म्हणून". गल्लीतल्या दुकानदाराने दिलेलं. आतड्यातले मवाळ ई. कोलाय दर वेळी मेले, आडदांड उरले आणि त्यांनीच घर भरलं.

हे फक्त आमच्या घरापुरतं नाही. माझ्या पिढीतल्या मायक्रोबायोलॉजीवाल्यांना २०१० साल विसरता येत नाही. त्याची सुरुवातही एका लघवीच्या नमुन्यातूनच झाली. भारतीय वंशाचा स्वीडनमधला एक रुग्ण दिल्लीत उपचार घेऊन परतला आणि जानेवारी २००८ मध्ये त्याच्या लघवीत क्लेबसिएला सापडला. हा क्लेबसिएला कार्बापेनेमलाही जुमानत नव्हता. त्यात सापडलेल्या नव्या विकराला 'न्यू देल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज' असं नाव पडलं, म्हणजेच एनडीएम-१. ऑगस्ट २०१०मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या नमुन्यांवरचा लेख आला आणि आपल्याकडे गदारोळ झाला. शहराचं नाव जंतूला का दिलं, हा आपल्या वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध कट आहे, वगैरे. नावाबद्दलचा राग मला तेव्हाही समजत होता, आजही समजतो. पण त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे लॅन्सेटच्या आधी, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतातल्याच एका वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवलं होतं की ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात त्यांना मिळालेल्या कार्बापेनेम न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ होतं. त्याच अंकात चेन्नईच्या डॉ. अब्दुल गफूर यांचं संपादकीय होतं, शीर्षकातच अँटिबायोटिक्सचा मृत्युलेख. आपल्याच माणसांनी सांगितलेलं कुणाच्या डोळ्यांत आलं नाही, परक्यांनी सांगितल्यावर मात्र अपमान झाला. पुढच्या काही वर्षांत अरबी द्वीपकल्पातल्या रुग्णालयांतूनही एनडीएम आणि त्याचाच भाऊबंद ओएक्सए-४८ सापडल्याचे शोधनिबंध आले. त्यातलं महत्त्वाचं काम अल ऐनच्या युएई विद्यापीठातल्या संशोधकांचं आहे. विमानं तिकडून इकडे भरून येतात, तेव्हा याचं आश्चर्य वाटू नये.

विमानांवरून आठवलं. २०१०मध्येच स्वीडनमधल्या संशोधकांनी १०० प्रवाशांची शौचतपासणी प्रवासाआधी आणि नंतर केली. भारतात जाऊन आलेले आठ जण होते, त्यातले सात ईएसबीएलचे जंतू पोटात घेऊन परतले. आठ हा आकडा लहान आहे, म्हणून नेदरलँड्समधला मोठा अभ्यास बघा, २०१७ साली छापलेला, सुमारे दोन हजार प्रवाशांचा. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांपैकी चारात तीन जणांना असे जंतू चिकटले होते. प्रवासात अँटिबायोटिक घेतलेल्यांना हा धोका जास्त. बहुतेकांचे जंतू महिन्याभरात गेले, पण दहातल्या एकाकडे वर्षानंतरही होते. हे लोक आजारी नव्हते. जंतू आतड्यात गुपचूप बसून असतो, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग झालाच तर तो याच जंतूचा असू शकतो. तेव्हा डॉक्टरांकडे गेलात तर "मी दोन महिन्यांपूर्वी गावी जाऊन आले, तिथे अमुक गोळी घेतली" हे न विचारता सांगा. इथले डॉक्टर सीरियन, इजिप्शियन, केरळचे, फिलिपाइन्सचे कुठलेही असोत, ही माहिती त्यांना उपयोगी पडतेच.

इथे युएईत चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणं कायद्याने बंद आहे. पूर्वी ते कागदावरच होतं. अबू धाबीतल्या औषधदुकानांची एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली, त्यात विकलेल्या अँटिबायोटिकपैकी दोनतृतीयांशाहून अधिक चिठ्ठीविना गेल्याचं दिसलं होतं. मी आले तेव्हा मलाही काउंटरवर मिळायचं. आता तसं सहज होत नाही. शिवाय अबू धाबीत २०१०पासून सुरू झालेली जंतूंच्या प्रतिकारावर नजर ठेवायची व्यवस्था सातही अमिरातींत पसरली आहे, आमच्यासारख्या लॅबचे एस आणि आर तिथे जमा होतात. भारतातही १ मार्च २०१४पासून शेड्युल एच-१ लागू झालं, २०१६मध्ये पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम निघाली. पुढच्या वेळी गावी गेलात तर रेघ बघा आणि ती बघून दुकानदार काय करतो तेही बघा.

आता पाण्याबद्दल, कारण 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला इतका झिजला आहे की तो कोणी ऐकत नाही. बल्गेरियात १४० स्त्रियांवर वर्षभर एक प्रयोग झाला, २०१८मध्ये छापून आला. सगळ्यांना संसर्ग वारंवार होणारा, सगळ्यांची पाणी पिण्याची सवय कमी. निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. वर्षाअखेर त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. कुठलीही गोळी नाही आणि संसर्ग जवळजवळ निम्म्यावर. हे वाचलं तेव्हा मला अल इत्तिहाद रोडवर अडकलेल्या आपल्या बायका आठवल्या. शारजाहून दुबईला सकाळी दीड तास, परतताना दीड तास, म्हणून निघण्याआधी पाणी प्यायचं नाही आणि ऑफिसातही चारनंतर नाही. शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणी सहा तास वर्ग सोडत नाहीत. गणपतीत स्वयंपाकाच्या टीममधल्या आपण सगळ्या दिवसभर उभ्या असतो आणि कोणी बाथरूमला जात नाही, कारण साडी आणि रांग. टॅक्सीचालकांचं तर विचारूच नका. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला इथे बंदी असते, पण गाडी चालवणारा गाडीतच असतो. एका मराठी चालकाच्या रिपोर्टवर प्रोटियस आणि पाठोपाठ ११ मिलिमीटरचा खडा निघाला होता. "ताई, पाणी पिलं तर गाडी लावायची कुठं?" असं त्याने विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

औषधांबद्दल मी डॉक्टर नाही, म्हणून फक्त लॅबच्या बाजूने सांगते. साध्या, मूत्राशयापुरत्या संसर्गासाठी जगभर आता पुन्हा जुनी औषधं पुढे आली आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन १९५३पासून आहे. ते लघवीतच साठतं, रक्तात आणि किडनीच्या पेशींत पुरेसं पोचत नाही. त्यामुळे मूत्राशयात छान चालतं आणि किडनीच्या तापात निरुपयोगी ठरतं. त्याने लघवी तपकिरी होते, घाबरून फोन करणारे पुष्कळ. जी-६-पीडी नावाचं विकर ज्यांच्यात कमी असतं त्यांना ते चालत नाही, आखातात आणि आपल्याकडेही असे लोक आहेत, म्हणून माहीत असेल तर सांगा. फॉस्फोमायसिन म्हणजे तीन ग्रॅमची पूड, पाण्यात घालून एकदाच प्यायची. ही दोन्ही औषधं ईएसबीएलच्या ई. कोलायवरही बऱ्याचदा चालतात, माझ्या प्लेटवर त्यांच्याभोवती अजून खळं पडतं. सिप्रोच्या गटाला मात्र प्रतिकार वाढला, शिवाय स्नायुबंध तुटण्यासारखे दुष्परिणाम. २०१६मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सांगितलं की दुसरा पर्याय असेल तर साध्या मूत्रसंसर्गात ही औषधं वापरू नयेत. मार्च २०२५मध्ये जेपोटिडासिन नावाच्या नव्या गोळीला तिथे मान्यता मिळाली, या आजारासाठी जवळजवळ तीस वर्षांत आलेली पहिली नव्या प्रकारची तोंडाने घ्यायची अँटिबायोटिक. तीस वर्षांत एक. तेवढ्या काळात जंतूंच्या किती पिढ्या झाल्या, वीस मिनिटांच्या हिशेबाने तुम्हीच करून बघा.

आणखी एक. काहीच त्रास नसताना वार्षिक तपासणीत लघवीत जंतू सापडले, तर बहुतेकांना औषध लागत नाही. वयस्कर माणसांत हे फार सापडतं. गरोदर बाईची गोष्ट वेगळी, तिला लक्षणं नसली तरी उपचार करतात, कारण तिच्यात ते किडनीत चढण्याची शक्यता जास्त असते. मधुमेहासाठी 'फ्लोझिन' शेवट असलेल्या गोळ्या घेणाऱ्यांना लघवीतून साखर जाते आणि खाज-जळजळ होते, ती बऱ्याचदा बुरशीची असते. तिला अँटिबायोटिक दिलं तर ती वाढते. सगळी जळजळ सारखी नसते, तेच पुन्हा.

१ जानेवारी २०२५पासून शारजासह उत्तरेकडच्या अमिरातींतही खाजगी नोकरदारांना आरोग्यविमा सक्तीचा झाला. आता कल्चरच्या पैशांचं निमित्त कमी लोकांना देता येईल. पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांचा प्रश्न तसाच आहे. त्यांच्या विम्याचे बारीक अक्षरातले नियम तिकिटं काढतानाच वाचा, मी नंतर वाचले.

सासूबाई बाराव्या दिवशी घरी आल्या. अशक्तपणा दोन महिने टिकला. मी माझी चूक त्यांना सांगितली तेव्हा म्हणाल्या, "तू चांगल्यासाठीच केलंस." ते वाक्य मला अजून पुरत नाही. औषधांचा तो डबा मी त्याच आठवड्यात रिकामा केला. कचऱ्यात नाही टाकलं, एका फार्मसीत नेऊन दिलं. डब्यात आता लवंगा आहेत.

त्यांना त्यानंतर दोनदा संसर्ग झाला. दोन्ही वेळा मूत्राशयापुरताच, दोन्ही वेळा आधी कल्चर, मग पाच दिवस नायट्रोफ्युरँटॉइन. गेल्या महिन्यात मिरजेहून फोन आला. आधी पावसाचं, मग शेजारच्या लग्नाचं, मग सहज म्हणाल्या, "परत जरा उन्हाळी लागल्यासारखं वाटतंय. सकाळी डबी देऊन आले. रिपोर्ट गुरुवारी मिळेल म्हणाला. तोवर धन्याचं पाणी चालेल ना गं?"

चालेल, म्हटलं.